जुन्या गाडीचं इंजिन सीझ झालं? आधी खोलू देऊ नका
डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीचं इंजिन महिन्याभरात सीझ झालं, तर ओळखीच्या मेकॅनिककडे लगेच खोलायला टाकू नका. एकदा उघडलं की दोष आधीचा की तुमच्या हातचा, हा वाद मिटता मिटत नाही. आधी व्हिडिओ आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, मग अधिकृत वर्कशॉपचा लेखी अहवाल घ्या आणि डीलरला लेखी कळवा. दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, किंवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. मुदत २ वर्षं. गाडी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही, कारण तो काही गाड्या विकायचा धंदा करत नाही.