केडीई प्लाझ्मामध्ये फाइल शोध चालेनासा झाला, तर बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

संगणकावरचा शोध बंद पडला, अशी तक्रार येते तेव्हा तीन वेगवेगळे बिघाड त्या एकाच वाक्यात दडलेले असू शकतात. शोधाची खिडकी काम करत नसते, किंवा तिच्यामागची सूची अपुरी अथवा खराब झालेली असते, किंवा सूची ठणठणीत असूनही मूळ दस्तऐवजात शोधण्याजोगा मजकूरच नसतो. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या आसपास वकिलांची जी कार्यालये आहेत, जिथे जुने दावे, न्यायालयाचे आदेश आणि स्कॅन केलेले सातबारे एकाच संगणकावर वर्षानुवर्षे साठत जातात, तिथे तिसऱ्या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सूची पुसून नव्याने बांधणे हा उपाय सर्वांना ठाऊक असतो. परंतु हजारो पीडीएफ असलेल्या संगणकावर त्याला बराच वेळ लागतो, आणि दोष दस्तऐवजात असेल तर तो वेळ वाया जातो.

प्लाझ्मा या लिनक्सवरील डेस्कटॉपमधील फाइल शोध बलू या सेवेवर चालतो. २०१४ मध्ये केडीई ४.१३ सोबत तिने नेपोमुक या जुन्या शोधसेवेची जागा घेतली. ती वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील फायलींची सूची तयार करते आणि ती सूची होममधल्या 'डॉट लोकल', त्याच्या आत 'शेअर' आणि त्याच्या आत 'बलू' या फोल्डरमध्ये ठेवते.

पहिली चाचणी खिडकीची करावी. ऑल्ट आणि स्पेस दाबून केरनर (प्लाझ्माची शोधाची खिडकी) उघडावा व जी फाइल आहे याची खात्री आहे तिच्यातला एखादा शब्द शोधावा. तोच शब्द टर्मिनलमध्ये 'बलूसर्च' या आज्ञेपुढे द्यावा. (प्लाझ्मा ६ मध्ये या आज्ञेच्या आणि पुढे येणाऱ्या 'बलूसीटीएल'च्या शेवटी ६ हा अंक जोडावा लागतो.) टर्मिनलला फाइल सापडली आणि केरनरला सापडली नाही, तर सूची निर्दोष आहे, सिस्टिम सेटिंग्जमधील 'प्लाझ्मा सर्च'मध्ये जाऊन फाइल शोधाचे प्लगइन चालू करावे आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे. मात्र या चाचणीसाठी डॉल्फिन या फाइल व्यवस्थापकावर विसंबू नये. सूचीत नसलेल्या फोल्डरमध्ये डॉल्फिन स्वतःच एकेक फाइल चाळतो, त्यामुळे त्याला फाइल सापडली म्हणजे सूची नीट आहे असे सिद्ध होत नाही.

दोन्हीकडे काहीच सापडले नाही, तर 'बलूसीटीएल स्टेटस' ही आज्ञा द्यावी. सेवा चालू आहे का, किती फायली सूचीत आल्या, किती रांगेत आहेत आणि किती अयशस्वी ठरल्या, हे सर्व ती सांगते. रांग पुढे सरकत नसेल तर आधी लॅपटॉपला वीज मिळते आहे का ते पाहावे, कारण बॅटरीवर असताना बलू मजकुराची नोंदणी थांबवतो. मे महिन्यात वादळाने वीज गेली आणि दुपारभर काम बॅटरीवर चालले, तर त्या दिवशी साठवलेल्या फायलींचा मजकूर संध्याकाळी सापडत नाही, आणि यात बिघाड काहीच नसतो.

'बलूसीटीएल स्टेटस' या आज्ञेपुढे एखाद्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला तर त्या एका फाइलची स्थिती कळते. माझ्या मते निदानाचे सर्वांत नेमके साधन हेच आहे. फाइल सूचीतच नसेल तर ती लपवलेल्या फोल्डरमध्ये, वगळलेल्या फोल्डरमध्ये किंवा दुसऱ्या डिस्कवर आहे का ते तपासावे. दुसऱ्या डिस्कवरच्या फोल्डरची सिमलिंक (मूळ जागेकडे नेणारा दुवा) होममध्ये ठेवली तरी बलू त्या वाटेने आत जात नाही. तो फोल्डर 'फाइल सर्च'च्या सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे जोडावा लागतो.

जुन्या फायली सापडतात आणि आज आलेल्या मात्र लॉगइन पुन्हा केल्याशिवाय सापडत नाहीत, असे होत असेल तर कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आयनोटिफाय मर्यादा, म्हणजे बदल टिपण्यासाठी एका वेळी किती ठिकाणी पहारा ठेवता येतो ती संख्या, संपली असण्याची शक्यता असते. जुन्या कर्नलमध्ये ती ८१९२ इतकीच होती; ५.११ पासून ती मेमरीच्या प्रमाणात ठरते. सिससीटीएल या कर्नलच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स यूजर वॉचेस'चे मूल्य ५२४२८८ केले की बहुतेक कार्यालयांना ते पुरते.

अयशस्वी फायलींची नावे 'बलूसीटीएल फेल्ड' दाखवते. एखादी सदोष पीडीएफ तिथे दिसली तर ती वगळलेल्या फोल्डरमध्ये हलवावी. एवढे करूनही सूची चुकीचे निकाल देत असेल, तरच डिस्कवर पुरेशी जागा आहे याची खात्री करून सूची पुसून नव्याने बांधणारी 'बलूसीटीएल पर्ज' ही आज्ञा द्यावी आणि संगणक रात्रभर विजेवर चालू ठेवावा.

आता दस्तऐवजाकडे वळू. फाइलची स्थिती उत्तम दिसते आणि तरीही तिच्यातला शब्द सापडत नाही, तेव्हा 'पीडीएफटूटेक्स्ट' या आज्ञेने तिचा मजकूर काढून पाहावा. काहीच बाहेर आले नाही, तर ती केवळ चित्रांची पीडीएफ आहे. चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्टचे मराठी भाषेचे पॅकेज बसवून, ओळखलेला मजकूर पीडीएफमध्ये जोडणाऱ्या 'ओसीआरमायपीडीएफ'ला मराठी भाषा निवडून ती फाइल द्यावी. मूळ प्रत मात्र जपून ठेवावी, कारण जोडाक्षरे ओळखताना चुका होतात आणि न्यायालयीन कागदात एक अक्षरही महत्त्वाचे असते.

मजकूर बाहेर आला, परंतु तो रोमन अक्षरांचा गोंधळ असेल, तर दस्तऐवज कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. कृतीदेवमध्ये पडद्यावर 'न्यायालय' दिसते तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात मोठा यू, अर्धविराम, के, अर्धविराम, के, वाय, अर्धविराम एवढेच असते. देवनागरीत केलेला शोध त्याच्याशी कधीही जुळणार नाही, सूची कितीही वेळा बांधली तरी. अशा फायली त्या त्या फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि रूपांतरानंतर विशेषतः रफार व पहिली वेलांटी यांच्या जागा डोळ्यांखालून घालाव्यात, कारण जुन्या फॉन्टमध्ये या खुणा ज्या क्रमाने टंकल्या जातात तो युनिकोडपेक्षा वेगळा असतो.

रूपांतरित फाइल सूचीतल्या फोल्डरमध्ये ठेवल्यावर तिची स्थिती पुन्हा विचारावी, मजकुराची नोंदणी पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत थांबावे, आणि मगच तोच शब्द आधी टर्मिनलमध्ये व नंतर केरनरमध्ये शोधावा.