पावसाळ्यात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा ट्रेक कसा करावा

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात पुष्पावती नदीच्या काठाने पसरलेली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स दरवर्षी १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुली असते. परंतु ज्या फुलांसाठी आपण एवढ्या लांब जातो, ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे भर पावसातच ऐन बहरात असतात. त्यामुळे पाऊस टाळून ही दरी पाहण्याचा बेत आखण्यात अर्थ नाही. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना पाऊस नवा नसतो आणि नेमकी तेथेच त्यांची चूक होते. राजमाची किंवा हरिश्चंद्रगडावर दिवसभर भिजणे हा आनंदाचाच भाग असतो. येथे साडेतीन हजार मीटर उंचीवर भिजलेल्या अंगाला वारा लागला, तर तासाभरात हातपाय बधिर होऊ लागतात. पुढील सर्व सूचना हा एक फरक ध्यानात ठेवून वाचाव्यात.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही दरी १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ पासून नंदादेवी उद्यानाच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उद्यानाच्या हद्दीत रात्री राहण्यास किंवा तंबू ठोकण्यास परवानगी नाही. मुक्काम दरीच्या अलीकडच्या घांघरिया या गावात करायचा, सकाळी दरीत शिरायचे आणि संध्याकाळपूर्वी बाहेर पडायचे, असाच हा ट्रेक आहे.

तारखा ठरवणे

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ओढ्यांच्या खाचांतून अद्याप बर्फ असते आणि प्रिम्युला, ॲनिमोन, नागाच्या फणीसारखी दिसणारी कोब्रा लिली अशी आरंभीची फुले दिसतात. दुर्मीळ निळी पॉपी पाहायची असेल तर जुलैचा उत्तरार्ध गाठावा. ऑगस्टमध्ये तेरड्याच्या कुळातील गुलाबी हिमालयी बाल्सम उतारच्या उतार व्यापून टाकतो, आणि दरीचा जो रंग छायाचित्रांत आपण पाहतो तो बहुधा याच दिवसांतला असतो. सप्टेंबरात फुले ओसरतात, आकाश मात्र मोकळे होते व सभोवतालची शिखरे दिसू लागतात. फुलांचे वैविध्य हवे असेल तर जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा निवडावा, असे माझे मत आहे.

हरिद्वारपासून हरिद्वारपर्यंत सहा दिवस लागतात. त्यावर दोन दिवस राखीव ठेवावेत आणि परतीच्या गाडीचे आरक्षण ते दोन दिवस धरूनच करावे. हे दोन दिवस दरीसाठी नव्हेत, रस्त्यासाठी आहेत. पावसाळ्यात या संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोक्याचा भाग कोणता, असे विचारले तर पायवाट नव्हे, तर ऋषीकेश ते गोविंदघाट (जेथून दरीकडे वळायचे ते ठिकाण) हा सुमारे २७० किलोमीटरचा मोटररस्ता, हेच उत्तर द्यावे लागेल.

गोविंदघाटपर्यंतचा प्रवास

ऋषीकेशहून बद्रीनाथकडे जाणारा हा रस्ता देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पीपलकोटी असा जोशीमठला पोहोचतो. जोशीमठचे अधिकृत नाव आता ज्योतिर्मठ असे आहे. तेथून गोविंदघाट सुमारे २० किलोमीटर राहते. हरिद्वार किंवा ऋषीकेशहून पहाटेच निघावे, कारण दरडी कोसळून रस्ता अडला तर उजेड हाताशी असावा लागतो. पीपलकोटी आणि जोशीमठ यांच्या दरम्यानचा पागलनाला पावसात वारंवार चिखलदगड घेऊन रस्त्यावर येतो. असा अडथळा आला की स्थानिक चालकाचा सल्ला मानावा, गाडी वरून दगड घरंगळणाऱ्या उतारापासून लांब उभी करावी, आणि वाट मोकळी झाल्याची खात्री झाल्याखेरीज ती जागा पायी ओलांडण्याचा मोह टाळावा. अंधारात डोंगरी रस्त्यावर प्रवास करू नये. पहिल्या खेपेस आम्ही राखीव दिवस ठेवले नव्हते. परतीच्या वाटेवर चमोलीच्या अलीकडे एक संपूर्ण दिवस अडकून पडलो आणि हरिद्वारची गाडी चुकली. त्यात कोणाचाही दोष नव्हता, नियोजन आमचे अपुरे होते.

फोटो असलेले ओळखपत्र व त्याच्या दोन प्रती जवळ ठेवाव्यात. घांघरियाच्या वरच्या हेमकुंडसाहिब या शीख तीर्थस्थानालाही जाणार असल्यास उत्तराखंड शासनाच्या यात्रा-नोंदणीच्या संकेतस्थळावर आधीच नोंद करावी.

सामान

सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो, म्हणून जीन्स व सुती टी-शर्ट घरीच ठेवावेत. चालण्यासाठी लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांचे दोन जोड, त्यावर फ्लीसचे जॅकेट आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जॅकेट व पँट असा थर असावा. पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट) स्वस्त असतो व पाठीवरच्या सॅकलाही झाकतो, परंतु वाऱ्यात फडफडतो आणि चढावर पायांत येतो. पोंचोवरच भिस्त ठेवायची असेल तर त्याला कमरेशी दोरी बांधावी. झोपण्यासाठीचा थर्मलचा एक जोड आणि लोकरी मोजे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावेत आणि कितीही मोह झाला तरी ते चालताना वापरू नयेत. रात्री पारा दहा अंशांखाली उतरू शकतो, तेव्हा हाच कोरडा जोड खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

सॅकला बाहेरून रेनकव्हर असले तरी पाठीच्या बाजूने पाणी झिरपतेच. म्हणून सॅकच्या आत आधी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि सर्व सामान त्या पिशवीत भरावे. बूट घोट्यापर्यंतचे, चांगल्या ग्रिपचे आणि निदान महिनाभर वापरलेले असावेत. काठी, हेडलॅम्प, ओआरएसची पाकिटे, सुकामेवा, गूळ-दाण्याच्या चिक्क्या आणि आपली नेहमीची औषधे एवढे पुरेसे होते. घांघरियात जेवणखाण मिळत असल्याने शिधा वाहून नेण्याची गरज नाही.

गोविंदघाट ते घांघरिया

गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत सुमारे ४ किलोमीटर जीप जाते आणि तेथून घांघरिया साधारण १० किलोमीटर आहे. २०१३ च्या जून महिन्यातील महापुरात ही जुनी वाट ठिकठिकाणी वाहून गेली होती. आजची वाट त्यानंतर नव्याने बांधलेली आहे. फरसबंद असल्यामुळे ती चुकत नाही, परंतु ओल्या दगडांवर खेचरांची लीद पडून ती अतिशय निसरडी होते. खेचरांचा तांडा समोरून आला की नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे; दरीच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला खेचराच्या पाठीवरील ओझ्याचा धक्का लागण्याची भीती असते.

गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरवर आणि घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास आहे. एका दिवसात एवढी उंची गाठणे बहुतेकांना झेपते, पण शेवटचे ३ किलोमीटर खडे आहेत आणि तेथे मुद्दाम संथ चालावे. सकाळी आठपूर्वी पुलना सोडल्यास दुपारच्या पावसाआधी बरीच वाट सरते.

तंबू कोठे व कसा उभारावा

घांघरियात लॉज आहेत, यात्रेकरूंसाठी मोठा गुरुद्वारा आहे, आणि गावाच्या अलीकडे हेलिपॅडजवळच्या मोकळवनात आयोजकांचे तंबू लागतात. स्वतःचा तंबू नेला असल्यास तो लावण्याची जागा तेथील लोकांना विचारूनच ठरवावी. सामान भाड्याच्या खेचरावर लादताना तंबू वरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे पावसात पोहोचल्यावर तो आधी हाती येतो.

जागा निवडताना पायाखालची जमीन पाहण्याआधी वर पाहावे. वरच्या उतारावर ताजे, शेवाळ न चढलेले दगड विखुरलेले असतील, तर ती दगड घरंगळण्याची जागा समजावी. ओढ्याचे पात्र, दोन उतारांमधली घळ आणि नदीकाठची सपाट वाळू या जागा कितीही सुंदर दिसल्या तरी वर्ज्य आहेत, कारण वरच्या बाजूला झालेल्या पावसाचे पाणी आपल्या डोक्यावर थेंबही न पडता येथे येऊन पोहोचते. किंचित उंचवट्याची, पाणी एका बाजूला वाहून जाईल अशी जागा उत्तम. तंबूभोवती चर खणण्याची आपल्याकडची जुनी सवय येथे सोडावी. त्याने उताराची माती सुटते आणि तळ चांगला असलेल्या तंबूला चराची गरजही नसते.

तंबूखाली अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान दुमडावा. तो बाहेर डोकावत राहिला तर वरचे पाणी झेलून थेट आपल्या अंथरुणाखाली आणतो. तंबू गळतो अशी तक्रार पुष्कळदा यामुळेच होते. बाहेरचे आवरण आतल्या कापडाला कोठेही चिकटू नये इतपत दोर ताणावेत, आणि ओले झाल्यावर कापड सैल पडत असल्याने झोपण्यापूर्वी ते पुन्हा एकदा ताणावेत. वायुवीजनाच्या झडपा पावसातही उघड्या ठेवाव्यात. त्या बंद केल्या तर आपल्याच श्वासाची वाफ आतून थेंब होऊन टपकते. ओले बूट व कपडे तंबूच्या पडवीत ठेवावेत. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा कोळसा कधीही पेटवू नये. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो आणि त्याचा वास येत नाही.

दरीतील दिवस

घांघरियाच्या पुढे वाट फुटते: उजवीकडची हेमकुंडला चढते, डावीकडची दरीच्या प्रवेशद्वाराशी जाते. द्वार सकाळी सातच्या सुमारास उघडते, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर पडावे लागते. तिकीट घेताना ते किती दिवस चालते हे विचारून घ्यावे आणि द्वार उघडताच आत जावे. वाट आधी पुष्पावतीच्या पुलाकडे उतरते, मग कड्याला लगटून चढते. भोजपत्राच्या झाडांतून जाणारा हा चढ मोठा आहे आणि अनेक जण याच टप्प्यावर दमून, दरी जेथे उघडते तेथूनच परत फिरतात. तसे करू नये. उद्यानात फुलझाडांच्या ५०० हून अधिक जाती आढळतात, आणि त्या पहिल्या उतारावर दिसत नाहीत. पुढे नदीच्या वाळवंटापर्यंत गेल्यास काठच्या गोट्यांमधून उमललेली जांभळट गुलाबी एपिलोबियमची बेटे भेटतात, वाटेतील ओल्या जागी पेडिक्युलॅरिस, तर कोरड्या उतारावर जिरेनियम आणि पोटेन्टिला.

गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना या दरीत उतरले आणि त्यांच्या लेखनामुळे दरीला आजचे नाव मिळाले. १९३९ मध्ये येथे फुले गोळा करताना घसरून मृत्यू पावलेल्या वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेग यांची समाधी दरीत आहे. तेथवर अवश्य जावे. ओल्या गवताच्या उतारावर वाट सोडून पाऊल टाकताना काय होऊ शकते, हे त्या जागी वेगळे सांगावे लागत नाही.

वाट न सोडण्याचे दुसरे कारण झाडांचे आहे. ओल्या मातीत तुडवलेले रोप त्या वर्षी पुन्हा उभे राहत नाही, कारण येथील बहराचा काळ जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो. काही ठिकाणी पॉलिगोनम नावाची उंच, पांढऱ्या तुऱ्यांची वनस्पती इतर फुलांना झाकून टाकताना दिसेल. चराई बंद झाल्यानंतर तिचा प्रसार वाढला, असे काही अभ्यासकांचे मत आहे. वनखाते ती उपटून काढते. ते काम खात्याचे आहे, आपण कोणतेही रोप उपटू नये.

आत दुकाने नाहीत. डबा, पाणी आणि पावसाचे कपडे बरोबर असावेत, आणि कचरा परत आणावा. ओढ्याचे पाणी गुडघ्याच्या वर वाटले तर तो ओलांडू नये. डोंगरातील ओढे दुपारी फुगतात, तेव्हा सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना तसाच असेल असे गृहीत धरू नये. शक्य असल्यास दरीसाठी दोन दिवस द्यावेत. एका दिवशी धुके बसले तर दुसरा हाताशी राहतो.

हेमकुंड आणि उंची

हेमकुंडसाहिबचा गुरुद्वारा व सरोवर घांघरियापासून सुमारे ६ किलोमीटरवर, ४,३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तेथे दरीनंतरच जावे, म्हणजे शरीराला उंचीची सवय होण्यास एक दिवस अधिक मिळतो. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ ऑगस्टमध्ये या वाटेच्या वरच्या भागात खडकांमधून फुललेले दिसते. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी दोनच्या सुमारास परतावे लागते; म्हणून पहाटे पाचला निघावे. डोके दुखणे, मळमळणे, भूक मरणे ही लक्षणे दिसली तर पुढे चढू नये, आणि चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्या माणसाला वेळ न दवडता खाली न्यावे, एकटे पाठवू नये. उंचीवरील त्रासासाठीची गोळी घ्यायची असल्यास ती घरूनच डॉक्टरांना विचारून घ्यावी.

परतताना

उतरण्याच्या दिवशी घांघरिया पहाटे सोडावे आणि पुलन्याहून निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती गोविंदघाटच्या टॅक्सीचालकांकडून जाणून घ्यावी. रस्ता बंद असेल तर जोशीमठ किंवा पीपलकोटी येथे थांबावे. राखीव दिवस त्यासाठीच आहेत. तंबू ओलाच गुंडाळावा लागला असेल तर वाटेतील पहिल्या मुक्कामी तो उघडून पसरावा, कारण दोन-तीन दिवस दुमडून राहिल्यास कापडावर बुरशी धरते, आणि घरी पोहोचल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवावा.