ट्रंक वॉकीवर कॉल कसा लावावा, कसा घ्यावा

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगावकडच्या खानापूर भागातल्या आमच्या साखर कारखान्यात गेटवर, वजनकाट्यावर, गव्हाणीवर (ऊस आत टाकायच्या जागेवर) नवी पोरं येतात आणि त्यांच्या हाती वॉकी-टॉकी पडतो. कुणीतरी जुना माणूस सांगून मोकळा होतो, ‘बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. बास.’ एकाच चॅनेलच्या साध्या सेटवर हे खपतं. ट्रंक पद्धतीच्या, म्हणजे मोजक्या वाटा सगळ्यांना गरजेप्रमाणे वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या सेटवर याच सल्ल्यापायी अर्धा निरोप गहाळ होतो, आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेत अर्धा निरोप म्हणजे धोका.

बॅटरी भरलेली आणि अँटेना घट्ट बसलेली आहे असं धरून चालतो. सेट सुरू करा आणि सिग्नलची खूण येईपर्यंत थांबा; तेवढ्यात सेट कंट्रोल चॅनेलवर, म्हणजे यंत्रणेच्या सूचनांसाठी राखलेल्या वाटेवर, आपली हजेरी लावतो. मग वरचं चाक फिरवून तुमचा ग्रुप निवडा. या चाकाने तुम्ही माणसांचा गट निवडता. त्यांचं बोलणं कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होणार ते दर कॉलला यंत्रणाच ठरवते.

आता बटण. याच पायरीवर मी स्वतः पहिला अख्खा हंगाम चुकत होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

डीएमआर (डिजिटल वॉकी-टॉकीचं एक मानक) पद्धतीच्या ट्रंक यंत्रणेत समजा दोन रिपीटर, म्हणजे सेटचा आवाज झेलून पुढे पाठवणारी यंत्रं, आहेत. प्रत्येकाचे दोन टाइमस्लॉट (आळीपाळीने वापरायचे वेळेचे तुकडे), म्हणजे चार वाटा. एक वाट कंट्रोल चॅनेलसाठी राखीव, उरल्या तीन. सेट दहा असोत की दोनशे, एका वेळी बोलणी तीनच. रिकामे बसलेले सगळे सेट कंट्रोल चॅनेल ऐकत असतात. तुम्ही बटण दाबता तेव्हा सुरुवातीला तुमचा आवाज कुठेच जात नाही. सेट आधी एक बारीकशी विनंती पाठवतो: हा माझा नंबर, मला अमुक ग्रुपशी बोलायचंय. कंट्रोलर, म्हणजे वाटा वाटून देणारं यंत्र, मोकळी वाट बघतो, त्या ग्रुपच्या सगळ्या सेटना तिकडे वळवतो, आणि मग तुमच्या सेटमध्ये टोन वाजतो. टोन वाजला की बोला. त्याआधीचा प्रत्येक शब्द वाया.

मी एकदा रात्रपाळीला घाईत म्हणालो, ‘तीन नंबर गेट बंद, ट्रॉल्या दोनवर घ्या.’ टोन वाजायच्या आतच सुरुवात केली होती. समोर पोचलं ते एवढंच: ‘गेट बंद, ट्रॉल्या दोनवर घ्या.’ एक नंबरवाल्याने आपलं गेट लावून घेतलं. रांग मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, अंधारात, मागे दिवे नसलेल्या ट्रॉल्यांची. तेव्हापासून माझा नियम: बटण दाबा, टोन ऐका, एक श्वास घ्या, मग बोला.

टोनचा त्रास होतो म्हणून सेटिंगमधून तो बंद करून घेणारे भेटतात. तसं अजिबात करू नका. तुमची विनंती रिपीटरपर्यंत पोचली याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. रिपीटर साधारण २५ ते ५० वॅटचा, हातातला यूएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा) सेट ४ वॅटच्या आसपास. मलप्रभेकाठच्या खोलगट फडात रिपीटरचा आवाज तुम्हाला खणखणीत येईल, पण तुमचा त्याच्यापर्यंत जाणार नाही. ‘मला ऐकू येतंय म्हणजे माझंही जातंय’ हा सल्ला म्हणूनच खोटा आहे. टोन आला नाही तर बांधावर चढा, सेट कमरेवरून काढा, अँटेना उभी धरा आणि पुन्हा बटण दाबा.

वाटा भरलेल्या असतील तर बिझी टोन येतो. तेव्हा बटण सोडा आणि थांबा. यंत्रणा तुम्हाला रांगेत धरते आणि वाट मोकळी झाली की सेट स्वतःच खुणावतो. धडाधड बटण दाबत राहिलात तर सगळ्यांच्या विनंत्या कंट्रोल चॅनेलवर एकमेकींवर आदळतात आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो.

बटण सोडतानाही घाई नको. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ट्रॉली सोडू नका’ म्हणताना अंगठा लवकर उचलला की समोर ‘ट्रॉली सोडू’ एवढंच पोचतं. कन्नडमध्येही तेच: ‘बिडबेडी’ म्हणजे सोडू नका; त्यातलं ‘बेडी’ गळलं की उरतं ‘बिड’, आणि ऐकणाऱ्याला ते ‘सोड’ असं वाटतं. आमच्याकडे एकाच ग्रुपवर दोन्ही भाषा चालतात, म्हणून मी नकार वापरूच देत नाही. ‘थांबवा’ किंवा कन्नडमध्ये ‘निल्लिसि’ म्हणायचं, तेही दोनदा. शेवटचा शब्द पुरा झाल्यावर क्षणभर थांबून मगच बटण सोडायचं.

ग्रुपचा कॉल घ्यायला काही करावं लागत नाही. सेट आपणच वाटेवर जातो, आवाज येतो. मध्येच रेंजमध्ये आलेला सेटही चालू बोलण्यात सामील होतो. मात्र चाक दुसऱ्या ग्रुपवर राहिलं असेल तर तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही आणि चुकलंय हे कळणारही नाही. पाळी बदलताना चाक बघा.

एकाच माणसाशी बोलायचं तर त्याचा नंबर निवडून बटण दाबा. आमच्या यंत्रणेत त्याच्याकडे रिंग वाजते, आणि त्याने बटण दाबून होकार दिल्यावरच वाट मिळते. लांबलचक बोलणं असेल तर फोन करा; तीनपैकी एक वाट अडवून ठेवू नका.

नारिंगी आपत्कालीन बटणाला रांगेत पहिला मान असतो. ते कुठे आहे हे अंधारात बोटांनी चाचपून ठेवा. आणि रिपीटरच बंद पडला तर सेट डायरेक्ट मोडवर टाका: जवळच्या जवळ, सेट ते सेट. तिथे रांग नाही, वाट देणारं कुणी नाही, म्हणून आधी ऐका, कुणी बोलत नसेल तरच बटण दाबा. सगळ्यांनी कोणत्या चॅनेलवर जमायचं ते मोळी टाकायच्या (हंगाम सुरू व्हायच्या) दिवशीच ठरवून प्रत्येक सेटच्या पाठीला चिकटपट्टीवर लिहून टाका, मराठीत आणि कन्नडमध्ये.