पिंपाच्या आकाराचं घड्याळ घेताय? आधी मनगट मोजा

टोनो म्हणजे पिंपाच्या शेपमधे रुंदीपेक्षा लांबी बघायची, वरच्या लगपासून (लग म्हणजे पट्टा अडकतो ते टोक) खालच्या लगपर्यंतचं माप मनगटाबाहेर जायला नको आणि केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीची, पाठ जरा वाकलेली असली की हाताला मस्त चिकटून बसतं. दोन-तीन हजारच असतील तर साधं क्वार्ट्झ (बॅटरीवरचं), लेदर पट्टा, पण रिचर्ड मिल या महागड्या ब्रँडची फर्स्ट कॉपी प्लीज नको, लगेच कळते हो! जास्त बजेट असेल तर टिसॉ पीआरएक्स क्वार्ट्झ, ३५ आणि ४० मिमी दोन्हीत येतं, बारीक हाताला ३५च घ्या, फक्त पट्टा केसला जोडूनच डिझाइन केलाय त्यामुळे बाजारातला साधा पट्टा त्याला बसत नाही. लाखांत जाणार असाल तर फ्रँक म्युलरचं सिन्ट्रे कर्वेक्स, १९९२ पासूनचं डिझाइन, सगळीकडून वळलेली केस, डायलभर ताणलेले आकडे, काय देखणं दिसतं!