गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मानकुराद आंबा घेताना

सकाळी आठ-साडेआठपर्यंत पोचा. गावठी माल घेऊन जमिनीवर बसणाऱ्या बायकांकडची निवड तेव्हाच असते. उन्हं चढली की तांबडी भाजी (लाल माठ) मान टाकते. जुडी उलटी धरून देठ मोडून बघा: कट्‌कन तुटला तर ताजी. नुसता वाकला तर राहू द्या.

मानकुराद डझनावर मिळतो, म्हणून आकार बघूनच भाव करा. रंगावर जाऊ नका. सगळा ढीग एकसारखा पिवळा आणि देठाशी वास नाही, म्हणजे बहुधा घाईत पिकवलेला. कापल्यावर बाठ्याजवळ आंबट निघतो. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका आणि भोवती मऊपणा असेल तर आत फळमाशीची अळी असते. बोटाने हलकेच चाचपा, दाबू नका. दाबलेला आंबा दुसऱ्या दिवशी तिथेच काळा पडतो, आणि विकणारीही चिडते, ते बरोबरच आहे. अर्धे पिकलेले, अर्धे कडक घ्या. कडक आंबे गवतात तीन-चार दिवस ठेवा, फ्रीजमध्ये नको.

मोयऱ्याची (जवळच्या मोयरा गावची) केळी हलव्यासाठी हवीत तर साल काळवंडलेलीच मागा. सुटे पैसे आणि कापडी पिशव्या दोन. आंबे वेगळ्या पिशवीत.