आजींच्या खोलीत रोबोट नेण्याआधी

मुलगा घोडबंदर रोडला, आई वाशीला. रोज जाणं होत नाही. स्मृतिभ्रंश झाल्यावर फोन उचलायचं सुचत नाही. चाकांवरच्या व्हिडिओ कॉल रोबोटचा खरा उपयोग इथे आहे: पडदा लावलेला हा रोबोट मुलगा दुरूनच चालवतो, आजींना काहीच दाबावं लागत नाही, लेकाचा चेहराच खोलीत येतो.

आधी घर बघा. लहान चाकं उंबरठ्याला अडतात. उंबरठा २ सेंमी उंच असेल तर दोन्ही बाजूंना २४ सेंमी लांबीचा प्लायवूडचा उतार ठोकून घ्या. पायपुसणी आणि लोंबत्या वायरी उचला. त्यात आजींचाही पाय अडकतो. हॉलमधल्या राउटरची रेंज काँक्रीटच्या भिंतीपलीकडे कमी होते, म्हणून आजी बसतात तिथेच फोन धरून कॉल तपासा. पावसाळ्यात लाइट गेली तरी रोबोट बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो आणि पडद्यावर थिजलेला चेहरा उरतो. माणूस घाबरतं ते त्यालाच. राउटरला छोटा यूपीएस लावा. पडद्यावर खिडकीचा उजेडही नको. त्यात दिसणारं स्वतःचंच प्रतिबिंब आजींना परकी बाई वाटू शकतं.

कॉल सकाळी १० ते १२ मध्ये करा, कारण संध्याकाळी गोंधळ आणि चिडचिड बऱ्याचदा वाढते. सांभाळणाऱ्या मावशींनी आधी सांगावं, "मोठ्याचा फोन आलाय हं." मग रोबोट समोरून, हळू आणा; मागून कधीच नाही. १ मीटरवर थांबवा, पडदा बसलेल्या आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर घ्या. आवाज कमी पडला तर जादा स्पीकर रोबोटच्या दांड्यालाच बांधा. चेहरा समोर आणि आवाज कपाटावरून, असं झालं की त्या कपाटाकडेच बघत बसतात.

"मला ओळखलंस का?" ही परीक्षा घेऊ नका. "आई, मी तुझा मोठा मुलगा, ठाण्याहून बोलतोय," असं सरळ सांगा. एका वेळी एकानेच बोला. १० मिनिटं पुरतात. नंतर रोबोट चार्जिंगला लावताना कॅमेरा भिंतीकडे करा, आणि कपडे बदलताना, अंघोळीला नेताना तो खोलीत नकोच.

बोलणं जवळजवळ थांबलं असेल तर मांडीवरचा रोबोट बरा. जपानचा 'पारो' सीलच्या पिल्लासारखा, सुमारे २.७ किलोचा, कुरवाळलं की हलतो, आवाज करतो. तो आजींकडे देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसून तुम्हीही हात फिरवा.

आजी पडद्यावरच्या नातीला बिस्किट देऊ लागल्या तर "अहो, ती खरी नाही" म्हणू नका. मावशींनी ते बशीत घ्यावं आणि नातीने तिकडे आपलं बिस्किट उचलून खावं.