शाळेच्या आठवणी गोळा कराव्यात कशा: स्मरणिका काढणाऱ्यांसाठी

सातारा जिल्ह्यात पन्नाशी, पंचाहत्तरी किंवा शंभरी गाठलेल्या शाळा गावोगावी आहेत, आणि असे वर्ष आले की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पहिली सूचना ठरलेली असते: स्मरणिका काढू या. मग निम्मी पाने शुभेच्छा संदेशांत आणि जाहिरातींत जातात, पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांना आणखी काही जातात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आठवणी उरल्यासुरल्या जागेत, तिसऱ्यांदा वाचल्यासारख्या वाटणाऱ्या भाषेत छापल्या जातात. एका माध्यमिक शाळेच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले तेव्हा जे चुकत-माकत शिकलो, ते पुढच्या संपादकाच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

पहिली चूक माझीच होती. ‘आपल्या शालेय जीवनातील अविस्मरणीय प्रसंग दोन पानांत लिहून पाठवा’ असे पत्रक मी मोठ्या उत्साहाने गटावर टाकले. लेख भरपूर आले, आणि जवळजवळ प्रत्येकात शाळा हे ज्ञानमंदिर होते, शिक्षक मातीच्या गोळ्याला आकार देणारे कुंभार होते आणि ते दिवस पुन्हा येणार नव्हते. वीस वर्षांच्या अंतराने शाळा सोडलेल्या दोघांनी तर शेवटचे वाक्य अक्षरशः एकच लिहिले होते. यात लिहिणाऱ्यांचा दोष नव्हता. मी प्रश्न विचारला होता तो परीक्षेतल्या निबंधाचा, त्यामुळे उत्तरही निबंधाचेच आले.

म्हणून पहिली सूचना अशी, की प्रसंग मागू नये, वस्तू आणि जागा विचाराव्यात. मधल्या सुट्टीत डबा कोठे बसून खात होता? पिण्याचे पाणी कोण भरत असे आणि कोणत्या विहिरीवरून? पावसात कोणता वर्ग गळायचा आणि तेव्हा त्या वर्गाला कोठे बसवत? शाईची दौत बाकावर की जमिनीवर? शाळेचा टोल कशाचा होता? अशा प्रश्नाला कोणी निबंध लिहीत नाही, कारण उत्तर एका शब्दाचे असते, आणि तो शब्द उच्चारला की त्यामागे दडलेले सगळे आपोआप बाहेर येते.

टोलाचा प्रश्न मी कोरेगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याला विचारला होता. “मला काय आठवत न्हाई, शाळा सोडून चाळीस वर्सं झाली,” असे म्हणून ते गोठ्याकडे निघालेही होते. टोल कशाचा होता, असे विचारताच थांबले. टोल रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याचा होता, तारेने चिंचेच्या फांदीला टांगलेला, आणि तो वाजवायचा बोल्ट शिपाईमामांच्या खिशात असे. एकदा मामा लग्नाला गेले आणि जाताना बोल्ट यांच्या हाती देऊन गेले. यांनी मधल्या सुट्टीचा टोल बरोबर अर्धा तास आधी दिला. सगळी शाळा डबे घेऊन चिंचेखाली आली. हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले, “किती वाजले रे?” आणि कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. पोराला सांगता येईना. आठवीतल्या मुलाला घड्याळ वाचता येत नाही, हे त्या दिवशी शाळेत पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आले. घरी घड्याळ नव्हते आणि पुस्तकातल्या घड्याळाचे काटे कधी हलले नव्हते. हेडमास्तरांनी सुट्टी तशीच चालू ठेवली, त्याला कार्यालयात नेले, घड्याळ खाली उतरवून टेबलावर ठेवले आणि काटे हाताने फिरवून त्याला वाचायला शिकवले. मग ते घड्याळ बरोबर लावायला दुसरे घड्याळ शाळेत नव्हते, म्हणून मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.च्या अंदाजाने वेळ लावली. हा शेवटचा तपशील निबंधात कोणीही लिहिला नसता, आणि माझ्या मते साऱ्या आठवणीत तोच सर्वांत मोलाचा आहे.

दुसरे साधन म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली वही. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन ते पाहावे, पानांची छायाचित्रे काढून गटावर टाकू नयेत, आणि कोणाचीही जात, जन्मतारीख किंवा शाळा सोडण्याचे कारण त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय छापू नये. एवढे पथ्य पाळले तर रजिस्टर हे आठवणींचे भांडार आहे. साताऱ्यातील राजवाड्यात भरणाऱ्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाने झालेली नोंद १९१४ या क्रमांकासमोर आहे. तिच्यामुळेच राज्यात २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका ओळीची नोंद काय सांगू शकते, हे या जिल्ह्याला वेगळे समजावून द्यायला नको.

आपल्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवले तर १ जून ही तारीख पुनःपुन्हा आढळेल. जून महिन्यात आई-वडील मुलाला घेऊन शाळेत येत, जन्म केव्हाचा असे विचारले तर ‘पेरणीच्या टायमाला’ किंवा ‘थोरलीच्या पाठीवर’ असे उत्तर मिळे, आणि गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. कानाला हात पोहोचला की वय भरले, मग तारीख १ जून. ज्यांचा वाढदिवस असा गुरुजींनी दिला, त्यांना दाखल्याच्या दिवशीचे विचारावे. बहुतेकांना कान आठवतो. ज्यांनी तारखा दिल्या, त्या निवृत्त गुरुजींनाही विचारावे. हात पोहोचत नसताना वय लावले काय, आणि का लावले, या प्रश्नावर एक गुरुजी बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, की धाकटा शाळेत घेतला नाही तर त्याला सांभाळायला थोरली घरी राहायची, म्हणून धाकट्याचे वय वाढवायचे आणि थोरली शाळेत टिकवायची. शाळेत मुली कशा टिकल्या, याचा असा खुलासा मला दुसरीकडे कोठे मिळाला नाही.

सांगणाऱ्याला साल आठवत नाही, ही नेहमीची अडचण. साल विचारूच नये. पाटण भागात ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असे विचारावे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला आणि तिकडच्या पिढ्यांचे आयुष्य त्यावरून मोजले जाते. माण-खटावात १९७२ चा दुष्काळ हा खुंटा आहे. शिक्षकांच्या बाबतीत राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप नेमका उपयोगी पडतो. ‘मॅट्रिक अकरावीला की दहावीला?’ हाही चांगला प्रश्न, कारण नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. अशा दोन खुंट्यांमध्ये आठवण बांधली की मग रजिस्टरावरून साल काढणे सोपे जाते.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. सांगणारा पुष्कळदा स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले यांत फरक करत नाही, आणि तो मुद्दाम खोटे बोलतो असेही नसते. वसतिगृहात राहून शिकलेल्या वयस्क माणसांकडे गेलो की रयत शिक्षण संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांतला तो प्रसंग हमखास निघतो: वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. प्रसंग खरा आहे आणि या जिल्ह्यात तो सांगावासा वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या, तेव्हा आज हयात असलेल्या कोणाची ती स्वतःची आठवण असू शकत नाही. त्यांना मध्येच तोडू नये. पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग विचारावे, ‘तुमच्या वेळी भाकरी कोण थापायचं?’ मग ‘कमवा आणि शिका’ योजनेत पहाटे उपसलेले पाणी, सुट्टीत घरी जाताना एस.टी.च्या भाड्यासाठी मागून घेतलेले पैसे आणि स्वयंपाकघरातल्या मावशींनी चोरून दिलेली गुळाची ढेप, असे त्यांचे स्वतःचे बाहेर येते.

शिक्षकांना बोलते करणे विद्यार्थ्यांहून अवघड आहे. निवृत्त शिक्षक प्रथम शंभर टक्के निकाल, पुरस्कार आणि अधिकाऱ्यांचे शेरे सांगतो, कारण नोकरीत तेच विचारले गेलेले असते. ते ऐकून घ्यावे, पण वही दुसऱ्या प्रश्नासाठी उघडावी: पहिल्या नेमणुकीच्या गावी मुक्काम कोठे होता, खोली कोणी दिली, पहिल्या दिवशी जेवण कोणाकडे झाले? कोयनेच्या जलाशयापलीकडच्या शाळांवर लाँचने जाणाऱ्या शिक्षकांना लाँच चुकली तर काय करत होता, एवढेच विचारावे. त्यानंतर, विश्वास बसला असे वाटल्यावर, एक प्रश्न मी हळूच विचारतो: आपल्या हातून कोणावर अन्याय झाला असे वाटते काय? काही जण विषय बदलतात. एका बाईंनी मात्र चहा गार होईपर्यंत खिडकीबाहेर पाहिले आणि मग एका मुलीचे नाव घेतले. वर्गातले सहलीचे पैसे हरवले तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत तिचे दप्तर उपसले होते. पैसे पुढे त्यांच्याच हजेरीपटात मिळाले. त्या मुलीला शोधून काढणे गटामुळे कठीण गेले नाही. तिला दप्तर आठवत होते, पण वेगळ्या कारणाने: दप्तरात आईची जुनी चोळी होती, तिची पिशवी शिवायला घेतलेली, आणि ती बाहेर पडल्यावर मुले हसली. पैशाचे तिच्या लक्षातही नव्हते.

म्हणून, शक्य असेल तेथे एकाच प्रसंगाच्या शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या अशा दोन्ही बाजू घ्याव्यात, आणि त्या जुळत नसतील तर जुळवू नयेत. समोरासमोरच्या पानांवर तशाच छापाव्यात. मारण्याच्या आठवणींना तर हे विशेष लागू आहे. ‘छडी बसली म्हणून घडलो’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात, आणि ज्यांची शाळा छडीमुळे सुटली त्यांना गटात कोणी घेतलेले नसते, म्हणून त्यांचा लेख येत नाही. त्यांच्याकडे संपादकाने स्वतः जावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, तेव्हा अशी आठवण कौतुकाच्या सुरात छापून ती शाळेच्याच स्मरणिकेत आजच्या मुलांच्या हाती देताना शंभरदा विचार करावा. मी त्या काढून टाकल्या नाहीत; मारणाऱ्या शिक्षकाचे नाव काढले आणि प्रसंग ठेवला.

ध्वनिमुद्रणाचे फार सांगण्यासारखे नाही. फोन विमान मोडवर ठेवावा, पंखा बंद करावा, आणि प्रथम दहा सेकंद मुद्रित करून ऐकून पाहावे. बैठक तासाभराहून लांबवू नये. उतरवून काढताना बोली पुसू नये. ‘न्हाई’चे ‘नाही’ केले की माणूस बदलतो. संपादकाचे निवेदन प्रमाण भाषेत आणि सांगणाऱ्याचे शब्द अवतरणात, एवढी शिस्त पुरते.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवर साधी पाठवली की त्यांचा दर्जा घसरतो, म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावीत. त्याहून चांगले म्हणजे मूळ प्रत घेऊन स्कॅन करून त्याच आठवड्यात परत करावी. छापण्यासाठी ३०० डीपीआय पुरते, पासपोर्ट आकाराचे जुने छायाचित्र मोठे करायचे असेल तर ६०० ठेवावे. वर्गाच्या समूहछायाचित्रात नावे लिहून घेताना ‘डावीकडून’ म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हे प्रत्येकाला बजावून सांगावे. मी सांगितले नव्हते, त्यामुळे एक संपूर्ण रांग उलटी छापली गेली. डीटीपी करणारा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करतो की फोनवर वापरतो त्या युनिकोडमध्ये, हे आधी विचारावे. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना जोडाक्षरे आणि रफार फुटतात आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे डोळे जातात. पुस्तक सोळा पानी फॉर्ममध्ये छापले जाते, तेव्हा पाने सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही.

छपाईपूर्वी प्रत्येक आठवण ज्याची त्याला दाखवावी, आणि फोनवर वाचून दाखवण्यापेक्षा कागदावर न्यावी. नाव छापू काय, नसेल तर काय लिहू, हे तेव्हाच विचारून त्याच कागदावर सही घ्यावी. माघार घेण्याचा हक्क या टप्प्यापर्यंत प्रत्येकाला असला पाहिजे. माझ्या दोन उत्तम आठवणी अशा गेल्या, आणि त्या येथे सांगत नाही. वर सांगितलेल्या बाईंनी मात्र आपला मजकूर ठेवला, फक्त मी लिहिलेला ‘चुकून’ हा शब्द खोडून त्या जागी ‘घाईने’ असे लिहिले.

उरलेली सामग्री स्मरणिकेइतकीच जपावी. ध्वनिमुद्रणे दोन वेगवेगळ्या ठिकाणी, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख फाइलच्या नावातच लिहून ठेवावीत. स्मरणिकेची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात नोंद करून द्यावी आणि एक गावच्या वाचनालयात. आणि ज्यांच्याकडे जाणे राहून गेले, त्यांची यादी वयाच्या उतरत्या क्रमाने करून दिवाळीच्या सुट्टीत वरून सुरुवात करावी.